बंद काजू कारखान्याच्या जागी पॅलेडियमसारखा मॉल होईल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यात फोंड्याजवळ हायवेला लागून घरची साधारण ९,००० चौरस मीटर जागा, तिच्यावर सत्तरच्या दशकातला काजू कारखाना, २००९ पासून बंद. दोन शेड आणि चिऱ्यांची एक चिमणी उभी आहे. एका एजंटाने काकांना सांगितलंय की मुंबईत मिलच्या जागी पॅलेडियम झाला तसा इथे हायफाय मॉल होईल, पार्टनर मी आणतो, तुम्ही फक्त जागा द्या. पुतण्या विचारतोय हे कितपत खरं, आणि चिमणी आत्ताच पाडून टाकावी का.

मी सिव्हिल इंजिनियर. १९९७ ते २०१३ मुंबईत होतो, त्यातली बरीच वर्षं परळ-लोअर परळच्या मिलच्या जागांवरच गेली, मग गावी परतलो आणि आता जुन्या इमारती दुरुस्त करणं, शोरूमची फिट-आउटची कामं असं करतो. वयाने लहान दिसतोस म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नको.

पॅलेडियमसारखा मॉल होणार नाही. जागा वाईट आहे म्हणून नाही, जागा चांगलीच आहे. पण एजंट तुम्हाला जी गोष्ट सांगतोय ती अर्धीच आहे, उरलेली अर्धी मी सांगतो.

पॅलेडियम ज्या फिनिक्स मिलच्या आवारात आहे ती मिल १९०५ ची. लोअर परळला सेनापती बापट मार्गावर, जागा १७ एकरांच्या आसपास. तुमची सव्वादोन एकर, हे आधी डोक्यात ठेव. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यानंतर गिरणगाव, म्हणजे मुंबईचा हा मिलचा भाग, पुन्हा पूर्वीसारखं उभं राहिलंच नाही. माझे एक मामा सावंतवाडीहून जाऊन मिलच्या साचाखात्यात (मागावर कापड विणतात त्या खात्यात) लागले होते, ते सांगायचे की आधी भोंग्यावर अख्खी वाडी उठायची आणि संपानंतर भोंगा नाही म्हणून झोपच लागेना. असो. मग १९९१ चा विकास नियम आला, त्यात ढोबळ हिशेब असा होता की मिलची जमीन विकसित केली तर एक वाटा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये त्या नियमात बदल झाला, वाटणी फक्त मिलमधल्या मोकळ्या जमिनीची, इमारतींखालची जमीन त्यात धरायची नाही. आता मिलमध्ये मोकळी जमीन असते किती, सगळं शेडनेच भरलेलं. हायकोर्टाने २००५ मध्ये मालकांच्या विरुद्ध निकाल दिला, सुप्रीम कोर्टाने ७ मार्च २००६ ला तो फिरवला, आणि मग त्या भागात टॉवर कसे उगवले ते सगळ्यांनी बघितलं. म्हणजे मुंबईत मिलच्या जागा सोन्याच्या झाल्या त्यात या नियमाचा मोठा हात आहे. तो नियम मुंबईचा, मिलसाठी केलेला, आपल्या काजू कारखान्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

दुसरी गोष्ट एजंट कधीच सांगत नाहीत ती ही की फिनिक्सने पहिल्याच दिवशी सगळं जमीनदोस्त करून चकाचक मॉल बांधला नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथे बोलिंग अ‍ॅली आली, मग बिग बझार, रेस्टॉरंटं, एकेक जुनी शेड रिकामी व्हायची, आतून रंगवायची आणि भाड्याने जायची. पॅलेडियम आला २००९ च्या सुमारास. म्हणजे दहाएक वर्षं जुन्या शेडींच्या भाड्यावर ती जागा जगली, लोकांना तिथे यायची सवय लागली, आणि मग महागड्या ब्रँडवाल्यांनी पाय ठेवला. महागडा ब्रँड कधीच पहिला येत नाही. तो विचारतो शेजारी कोण आहे, हॉटेल कोणतं आहे, वरच्या मजल्यावर कोण बसतं. तिथे उत्तर तयार होतं: एका बाजूला लोअर परळ स्टेशन, दुसरीकडे करी रोड, मध्ये हजारो ऑफिसं, पंधरा-वीस मिनिटांवर पेडर रोड, वरळी, मलबार हिल. बंगळुरूचं यूबी सिटी बघ, तेही जुन्या ब्रुअरीच्या जागेवर, २००८ मध्ये सुरू झालं. तिथेही तेच, शहराच्या पोटात, कब्बन पार्कच्या जवळ, मॉलला लागूनच ऑफिसं. लंडनचं बॅटरसी पॉवर स्टेशन तर १९८३ मध्ये बंद पडलं आणि तिथली दुकानं उघडली ऑक्टोबर २०२२ मध्ये. एकोणचाळीस वर्षं! काकांना विचार, थांबणार का.

आता आपल्याकडे ये. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाख, एकट्या मुंबईची सव्वा कोटीच्या आसपास. लोक म्हणतात टुरिस्ट आहेत ना. आहेत, पण टुरिस्ट दिल्लीहून येऊन दिल्लीत मिळतो तोच शर्ट फोंड्यात कशाला घेईल, त्याला बीच पाहिजे, मासे पाहिजेत, काजू आणि फेणी पाहिजे. मंगेशीला, म्हार्दोळला, कवळ्याला शांतादुर्गेला बसेस भरून माणसं येतात हे खरं, पण ती दर्शन घेऊन, जेवून पुढे निघतात, त्यांच्याकडे मॉलला द्यायला चाळीस मिनिटं असतील तर असतील. पणजीत काकुलो मॉल आहे, पर्वरीला मॉल द गोवा आहे, आणि दोन्ही राजधानीच्या अंगणात आहेत, ते त्यांच्या जागी ठीक. तुझ्या जागेला गिऱ्हाईक कोण ते वेगळं शोधावं लागेल.

आणि ते शोधायची माझी पद्धत अगदी साधी आहे, तिला कन्सल्टंट लागत नाही. जुलैमधला एखादा मंगळवार घे, पाऊस लागलेला असला पाहिजे, आणि गेटपाशी छत्री घेऊन सकाळी दहा ते रात्री नऊ उभा राहा. किती गाड्या जातात ते मोजू नकोस, हायवे आहे, जाणारच. त्यातल्या किती जणांना थांबायचं काही कारण आहे ते बघ. स्कूटरवाले किती, बसने उतरणारे किती, कॉलेजची मुलं किती, फर्मागुडीचं इंजिनियरिंग कॉलेज जवळ आहे. कुंडई, बेतोडा, मडकईच्या इस्टेटींमधून पाळी सुटल्यावर कोण कुठल्या बाजूने जातं. डिसेंबरात आणि चवथीच्या आधीच्या आठवड्यात गोव्यात कुठलंही दुकान भरतं, त्यावर मॉल चालत नाही, मॉल चालतो पावसातल्या मंगळवारच्या दुपारी तीन वाजता. आणि आपल्याकडे त्या वेळेला निम्मी माणसं जेवून आडवी झालेली असतात हे तुला माहीतच आहे. एसी मात्र तीन वाजताही तेवढाच चालू ठेवावा लागतो, कारण पावसाळ्यात बंद केलास तर दुसऱ्या दिवशी जिप्समच्या सीलिंगवर बुरशी.

जरा आकडेमोड करू. एफएआर, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा (मुंबईत याला एफएसआय म्हणतात), झोनप्रमाणे बदलतो, आपण हिशेबापुरता एक धरू. म्हणजे ९,००० चौरस मीटर बांधकाम, साधारण ९७,००० चौरस फूट. मॉलमध्ये त्यातलं सगळं भाड्याला जात नाही, मधला चौक, सरकते जिने, टॉयलेट, एसीच्या मशीनच्या खोल्या, माल उतरवायची जागा, यात ३५ ते ४० टक्के जातात. उरले ६०,००० फूट. सुपरमार्केटसारखा एक मोठा भाडेकरू वीस-पंचवीस हजार घेतो आणि भाडं सगळ्यात कमी देतो, कारण त्याला माहीत असतं की गर्दी तोच आणतो. तीन पडद्यांचं थिएटर टाकलंस तर आणखी वीस हजार. उरले पंधराएक हजार, म्हणजे सातशे फुटांचे वीस गाळे. खरं भाडं या वीस गाळ्यांतून यायचंय. फिनिक्स-पॅलेडियम मिळून सात लाख चौरस फुटांच्या वर आहे, तिथे दहा गाळे रिकामे राहिले तर कुणाला दिसतही नाही. इथे वीसमधले सहा बंद शटर म्हणजे लोक म्हणणार मॉल बसला, आणि एकदा तसं म्हणायला लागले की तो खरंच बसतो.

पार्किंगचं तर बोलूच नको. कागदावर एका गाडीला अडीच बाय पाच मीटर, साडेबारा चौरस मीटर, पण रस्ता, वळण, रॅम्प धरून तीस ते पस्तीस पकड. दोनशे गाड्या म्हणजे कमीत कमी ६,००० चौरस मीटर, तुझ्या प्लॉटचा दोन तृतीयांश! मग एजंट म्हणेल बेसमेंट करू. कर बाबा, पण आपल्याकडे वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि खाली जांभा, जांभा म्हणजे स्पंजच, मे महिन्यात खणलेला कोरडा ठणठणीत खड्डा जुलैमध्ये तळी होते. पंप चोवीस तास, वॉटरप्रूफिंगचा खर्च, आणि खालून पाण्याचा दाब स्लॅब वर उचलायला बघतो तो वेगळा. मॉलमध्ये खांब साधारण ८.४ मीटरवर का असतात माहितीय? दोन खांबांत तीन गाड्या बसाव्यात म्हणून. मॉलची सगळी मापं खालच्या गाड्या ठरवतात, वरची दुकानं नाही.

आता मुद्दा जमिनीच्या खालचा, आणि यात मी जरा जास्त वेळ घेणार कारण याच्याकडे कोणीच बघत नाही. मुंबईत एका कामावर आम्ही पायलिंग (पायासाठी जमिनीत खोल खांब घालायचं काम) सुरू केलं, ड्रॉइंगमध्ये तिथे रिकामी जागा होती, आणि मशीन थेट एका जुन्या फर्नेस ऑइलच्या टाकीत घुसलं. कुणालाच माहीत नव्हती, साठ-सत्तर वर्षांपूर्वी पुरलेली असणार. काळं तेल वर आलं, पाऊस चालू होता, ते वाहत गटारात गेलं आणि काम अडीच महिने बंद. मालक आमच्यावर ओरडला, आम्ही कन्सल्टंटवर, खरं म्हणजे जुन्या बॉयलरवाल्या म्हाताऱ्या कामगाराला एक चहा पाजून विचारलं असतं तर त्याने बोट दाखवलं असतं.

तुझ्याकडे काजू आहे. काजूच्या टरफलात तेल असतं, ते हाताला लागलं तर कातडी सोलते, तुमच्याकडे बिया फोडणाऱ्या बायकांना विचार, हाताला काय काय लावून बसायच्या त्या. ते तेल तीसेक वर्षं भट्टीच्या आजूबाजूला सांडलंय, टरफलांचे ढीग पावसात भिजलेत, ते सगळं जांभ्यात मुरलंय. जवळ बाव (विहीर) असेल तर तिचं पाणी आधी तपासून घे, आणि भट्टीभोवती चार-पाच ठिकाणी बोअर मारून मातीचे नमुने लॅबला दे. जुना ट्रान्सफॉर्मर असेल तर त्याच्या खालची माती वेगळी तपास. खर्च मॉलच्या मानाने चणे-फुटाणे, पण नंतर पाया खणताना माती काळी निघाली तर ती टाकायची कुठे हा प्रश्न तुझा असतो, कॉन्ट्रॅक्टरचा नाही.

पत्रे! दुसऱ्या शेडवर सिमेंटचे पत्रे आहेत असं तू लिहिलंयस. त्या काळचे म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसचेच धरून चाल. ते जागेवर आहेत, अखंड आहेत तोपर्यंत फार त्रास नाही, पण कुणी ग्राइंडरने कापले किंवा वरून फेकून फोडले की धूळ उडते आणि ती धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. भंगारवाला फुकट काढून नेतो म्हणेल. नको. ओले करून, बोल्ट सोडवून, अखंड उतरवायचे, माणसांना नीट मास्क द्यायचे, प्लास्टिकमध्ये बांधायचे, आणि कुठे द्यायचे ते प्रदूषण मंडळाला लेखी विचारायचं.

कागदांबद्दल थोडक्यात, कारण यात वकील लागेल, मी नाही. जागा इंडस्ट्रियल इस्टेटमधली असती तर ती लीजवर असती आणि विषय तिथेच संपला असता, तुमची स्वतःची आहे हे नशीब. पण एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपल्या गोव्याचा सातबाराच तो) नावं कुणाची आहेत? आजोबांच्या नंतर इन्व्हेंटरी (वारसांत वाटणीची कोर्टातली प्रक्रिया) झालीय का? गोव्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरतात, त्यामुळे विक्री करायची तर काका, बाबा, आत्या एवढ्याच नाही, काकी, तुझी आई, आत्याचे यजमान सगळ्यांच्या सह्या. एक भाऊ आखातात आणि त्याची बायको माहेरी रुसून बसलेली असली तरी तिची सही पाहिजेच, हसू नको, अशा एका सहीसाठी चार वर्षं अडलेलं काम मी पाहिलंय. जागेत कुणी मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणारा आणि कायद्याने हक्क असलेला माणूस, आहे का? वॉचमनचं घर म्हणून बांधून दिलेली खोली नंतर काय होते ते भाटकारांच्या घरात सांगायला नको. कारखाना बंद झाला तेव्हा कामगारांची ग्रॅच्युइटी, पीएफ सगळं दिलं गेलं का, बँकेचा बोजा उतरला का. मग टीसीपीकडे (नगर नियोजन खात्याकडे) झोन काय आहे ते बघायचं, सनद (जमीन कशासाठी वापरायची याची सरकारी परवानगी) कशासाठी आहे ते बघायचं, उद्योगाच्या सनदेवर दुकानं चालत नाहीत. आणि बांधकाम २०,००० चौरस मीटरला पोचलं तर पर्यावरण मंजुरीही लागते, २००६ च्या नोटिफिकेशनप्रमाणे, तू त्याच्या बराच खाली आहेस म्हणून ती एक कटकट वाचली.

एजंटाचं म्हणणं, तुम्ही फक्त जागा द्या. हे "फक्त" फार महाग असतं. पार्टनर जागेवर कर्ज काढतो, अर्धं बांधतो, गाळे बुकिंगवर विकतो, आणि मग मॉल विकलेल्या गाळ्यांचा झाला की त्याला मालकच उरत नाही. कुणी साडीचं दुकान टाकतो, कुणी गाळा कुलूप लावून ठेवतो, सरकता जिना बंद पडला तर पैसे द्यायला कुणी नाही. चालणारे मॉल बघितलेस तर बहुतेक ठिकाणी गाळे भाड्यावर असतात आणि मालक एकच असतो. काकांनी कशावरही सही करायच्या आधी, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर तर नाहीच नाही, तुझ्या वकिलाला एकदा दाखव.

मग करायचं काय? मी असतो तर पहिली कौलारू शेड पाडली नसती. तू पाठवलेल्या फोटोत कैच्या (छपराखालचे लाकडी त्रिकोणी सांगाडे) सरळ दिसतात, लाकूड ठोकून बघायला पाहिजे, वाळवी भिंतीत गेलेल्या टोकाला लागते, मधे नाही. अशी शेड मॉलच्या कामाची नाही, खांब जवळजवळ आहेत, पण बाजाराला एक नंबर: उंची आहे, हवा खेळते, एसी लागत नाही. एका टोकाला सुपरमार्केट भाड्याने, त्यालाच चारही बाजूंनी बंद करून एसी. बाकीच्यात उघडे गाळे, काजू, खोबरेल, मसाले, भाजी, खाणावळ, मोबाइल दुरुस्ती, दातांचा डॉक्टर, ट्यूशन क्लास. दातांच्या डॉक्टरवर हसू नको, पावसातल्या मंगळवारी यायला लावणारा तोच एक, सेलला माणूस येत नाही पण दाढ दुखली की येतो. मागची शेड पत्रे उतरवून लग्नाचा हॉल. पार्किंग उघड्यावर, स्कूटरला वरून छप्पर. तीन-चार वर्षं भाडं आलं, लोकांना सवय लागली, की मग मागे दुमजली बांधायचं की नाही ते ठरव, तेव्हा तुझ्याकडे आकडे असतील.

एकच गोष्ट यात ढिली सोडू नको, फायर. कारखान्याची परवानगी होती म्हणून बाजार चालवता येत नाही, वापर बदलला की सगळं नव्याने. २९ डिसेंबर २०१७ ला मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागून १४ जण गेले, तीही जुनी मिलची जागा. आणि लांब कशाला जायचं, डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या हडफड्याच्या नाइट क्लबमध्ये २५ माणसं गेली. दोन बाजूंना रुंद दारं, बाहेर उघडणारी, आणि त्यांच्यासमोर उद्या कुणी आइस्क्रीमची गाडी लावू नये एवढा कडक मालक पाहिजे. लाकडी कैच्यांना आग थोपवणारा रंग, स्वयंपाकाचे गाळे सगळे एका टोकाला, आणि बंब शेडच्या चारही बाजूंनी फिरला पाहिजे.

राहता राहिली चिमणी. फिनिक्सची अजून आवारात उभी आहे, लोक तिच्याखाली फोटो काढतात, पण तुझी त्यासाठी ठेव म्हणत नाही. चिऱ्यांची चिमणी पाडायला बांबूंची परांची बांधून वरून एकेक थर उतरवावा लागतो, खाली शेड आहे, महागात जातं, आणि उभी ठेवायला फारसं काही लागत नाही. वरचे तीन-चार थर सुटले असतील, पिंपळ रुजला असेल तर तो मुळासकट काढून चुन्याच्या मसाल्याने भरून घे, सिमेंटने नको, चिरा घाम सोडतो, सिमेंट तो अडवतं. वीज पडली तरी चिमणीला धक्का न लागता खाली जावी म्हणून तांब्याची पट्टी वरपासून जमिनीत. ओळंबा लावून कलली आहे का ते बघ, मीही येऊन बघीन, पुढच्या महिन्यात कवळ्याला यायचंच आहे. काकांनी पाडायला माणूस आधीच बोलावलाय असं लिहिलंयस, त्याला आज फोन कर.